दिवेलागणीचा दोडका

दोडक्याच्या वेलाने मला तीन आठवडे रडवलं. चूक माझीच होती, हे आधीच सांगून टाकते.

कोथरूडमधल्या आमच्या इमारतीच्या गच्चीवर गेल्या वर्षी, म्हणजे २०२५ च्या जानेवारीत, मला एक कोपरा मिळाला. तोही ‘खालच्या मजल्यावर ओल आली तर जबाबदारी माझी’ असं लिहून दिल्यावर. त्यामुळे प्रत्येक पिशवी विटांवर आणि खाली ताटली. रंगाच्या वीस लिटरच्या तीन रिकाम्या बादल्यांना तळाशी भोकं पाडून त्या वेलांसाठी ठेवल्या. माती, कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि जुनं शेणखत सारख्या मापाने, वर बादलीमागे दोन मुठी निंबोळी पेंड. त्या पेंडीचा वास जिन्यात दोन दिवस रेंगाळला. शेजारच्या काकूंनी ‘काही मेलंय का वर?’ असं विचारलंसुद्धा.

संक्रांत झाली आणि लगेच २० जानेवारीला मी भेंडी, दोडका, काकडी सगळं पेरून मोकळी झाले. उत्साह दांडगा! पुण्यात तेव्हा रात्री स्वेटर लागतो, हे डोक्यातच आलं नाही. वेलभाज्यांचं बी थंड मातीत नुसतं बसून राहतं आणि रोज पाणी घातलं की कुजतं. पंधरा दिवसांनी बोटाने माती उकरली तर दोडक्याची बी चिमटीतच पिचकली. सासूबाई खुर्चीतून म्हणाल्या, "अगं, शिवरात्रीला थंडी शिव शिव म्हणत जाते. तोवर दम धरायचा होतास."

शिवरात्र होती २६ फेब्रुवारीला. २७ ला पुन्हा पेरलं, बी रात्रभर भिजवून. भेंडी पाचव्या दिवशी वर आली, दोडका आठव्या.

कोथिंबीर आणि पुदिन्याने मात्र काही त्रास दिला नाही. धने चपलेने हलके रगडून दोन डाळ्या केल्या आणि फेब्रुवारीच्या सुरुवातीलाच पेरले होते. होळीच्या सुमारास पहिली कापणी झाली. पुढे ऊन वाढलं तशी कोथिंबीर सरळ तुऱ्यावर गेली. ती उपटायची नाही, एवढं मात्र शिकले, कारण त्या पांढऱ्या फुलांवर चित्रांग ढालकिडे (ठिपक्यांचे लेडीबर्ड) येतात आणि ते मावा, म्हणजे झाडाचा रस शोषणारी बारीक कीड, खातात. पुदिन्यासाठी रोपवाटिकेत पैसे घालवू नका. मंडईतून आणलेल्या जुडीतल्या जाड काड्या पाण्यात ठेवल्या की आठवड्यात मुळं फुटतात. फक्त त्याला दुपारचं ऊन सोसत नाही. माझा पाण्याच्या टाकीच्या सावलीत सुखात होता.

भेंडी ‘परभणी क्रांती’ घेतली होती. पानांच्या शिरा पिवळ्या पडण्याचा जो रोग पांढरी माशी पसरवते, त्याला ही जात दाद देत नाही म्हणून. रोग आला नाही, पण मावा आला. कडुनिंबाचं तेल लिटरला पाच मिली, त्यात साबणाच्या पाण्याचे चार थेंब, एवढं साधं औषध. ते मी भर दुपारी बारा वाजता फवारलं आणि कोवळी पानं करपवून घेतली. दुसरी दुपारचीच गोष्ट म्हणजे गच्चीवर उन्हात पडलेली पाण्याची नळी. एप्रिलमध्ये तिच्यातून पहिलं पाणी चहाला चालेल असं येतं. ते बादलीत सोडून द्यायचं, मग झाडांना. आणि भेंडीची सहा झाडं चार माणसांना पुरत नाहीत. एक दिवसाआड पाच-सहा भेंड्या निघतात, भाजीपुरत्या साठेपर्यंत आधीच्या सुकतात. निदान पंधरा झाडं हवीत.

आता दोडका. पाडव्याला वेल कठड्यापर्यंत पोचला होता. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात फुलं आली, आधी झुपक्यांनी नर, मग एकेकटी मादी. मादी फुलामागे करंगळीएवढा छोटा दोडका असतोच, त्यामुळे ओळखायला अडचण नाही. मी रोज सकाळी सात वाजता जाऊन बघायची. फुलं मिटलेली, मलूल. चार दिवसांत छोटा दोडका पिवळा पडून गळायचा. एक, दोन, करता करता नऊ गळले. खत कमी पडलं म्हणून शेणपाणी घातलं, पाणी जास्त झालं म्हणून कमी केलं, ऊन लागतंय म्हणून हिरवी जाळी बांधली. काकडीची फुलं सकाळी उघडी असायची, त्यांवर मधमाश्याही दिसायच्या, त्यामुळे दोडक्यालाच काहीतरी झालंय अशी माझी खात्री पटली.

आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशी बार्शीकडच्या. कपडे वाळत घालायला वर आल्या आणि मला गळालेले दोडके मोजताना पाहून हसायलाच लागल्या.

"ताई, सकाळी काय बघता? दोडका दिवेलागणीला फुलतो. आमची आई आभाळ भरलेलं असलं की दोडक्याची फुलं बघून चूल पेटवायची."

त्या संध्याकाळी सहाला वर गेले. सगळा कठडा पिवळाधमक! रोज संध्याकाळी मी खाली टीव्हीसमोर भाजी निवडत बसायची, आणि वर हे चालायचं. काकडीवरच्या मधमाश्या तोवर घरी गेलेल्या. दोडक्याकडे फिरकायचे ते रात्रीचे पतंग, आणि पाचव्या मजल्यावर ते फारसे येत नसावेत. मग काम मीच हातात घेतलं. नर फूल खुडायचं, पाकळ्या काढायच्या आणि त्याचे परागकण मादी फुलाच्या मधल्या भागावर हलक्या हाताने टेकवायचे. पहिल्या दिवशी तीन फुलांना केलं आणि खुणेसाठी देठाला लाल दोरा बांधला. चौथ्या दिवशी तिन्ही हिरवीगार होती, पिवळं एकही नाही. मी खाली येऊन सगळ्यांना सांगितलं. मुलाने मोबाइलमधून मान वर काढली नाही.

२६ मे रोजी मान्सून पुण्यात येऊन थडकला, त्याआधीच्या पावसाने वेल झोडपून निघाला होता. तोवर एकूण अकरा दोडके मिळाले. माती, बिया, जाळी सगळं धरून खर्च चार हजारांच्या घरात. मंडईत त्या पैशांत किती दोडके आले असते, हा हिशेब यजमानांनी केला, मी नाही.

पहिले तीन मेच्या पहिल्या आठवड्यात काढले, बोटाने दाबलं तर दबतील असे कोवळे. मूगडाळ घालून भाजी केली आणि शिरा काढल्या होत्या त्यांची तीळ-खोबऱ्याची चटणी, तव्यावर कुरकुरीत परतून. वाटीभर मावशींसाठी बाजूला ठेवली. त्यांनी उभ्या उभ्याच बोटावर घेऊन चाखली.

"लसूण कमी पडलाय, ताई."