सुक्याबरोबर ओलं जळत नाही

आईला पहिल्यांदा व्हिडिओ कॉलवर लॉग बर्नर, म्हणजे घर गरम करायची लाकडाची शेगडी, दाखवला तेव्हा ती जरा वेळ नुसती बघत राहिली आणि मग म्हणाली, "बंब हॉलमध्ये कशाला ठेवलायस?"

आता यावर काय बोलणार, दिसतोच तसा. काळा लोखंडी डबा, पुढे काचेचं दार, वर छतातून गेलेलं धुराडं. कोल्हापूरला आमच्या न्हाणीबाहेर तांब्याचा बंब होता, त्याला काहीही चालायचं, चिपाडं, करवंट्या, शेणी, सुताराकडच्या ढलप्या, वर्ष संपलं की आमच्या वह्या (गणिताची आधी). त्यानं कधी कुरकुर केली नाही. हा इंग्रजी बंब मात्र महानखरेल निघाला.

तसा तो आम्ही घेतलेला नाही, घराबरोबर आला. आम्ही राहतो इंग्लंडमधल्या डरहॅम काउंटीतल्या एका खेड्यात, इथे गॅसची लाइन नाही, मागच्या अंगणात तेलाची टाकी आणि त्यावर चालणारा बॉयलर. बर्नरवर बायकोनं दोन वर्षं फोटोफ्रेम मांडल्या होत्या. मग २०२१ च्या नोव्हेंबरअखेर आर्वेन वादळ आलं, झाडं पडली, तारा तुटल्या, आमचे दिवे चार दिवस गेले (काही लोकांचे तर आठवड्याहून जास्त), आणि तेव्हा कळलं की तेलाच्या बॉयलरलाही वीज लागते. टाकी भरलेली आणि घर गार. फोटोफ्रेम खाली उतरल्या आणि प्रश्न आला, लाकडं कुठे मिळतात?

पेट्रोल पंपावर मिळतात. कांद्याच्या पिशवीसारख्या जाळीत दहा-बारा ओंडके, वर "रेडी टू बर्न"चा शिक्का. २०२१ च्या मेपासून इंग्लंडमध्ये नियमच आहे, २ घनमीटरपेक्षा कमी लाकूड विकायचं तर त्यात ओल २० टक्के किंवा त्याखालीच हवी. माल चांगला असतो, वाद नाही, पण आमचा ५ किलोवॅटचा बर्नर तासाला साधारण दीड किलो सुकं लाकूड खातो, म्हणजे ती जाळी एका लांबलेल्या संध्याकाळची धनी. थंडीभर असं जाळायचं म्हणजे रोजच्या भाजीला बिगबास्केटवरून केशर मागवण्यासारखं झालं.

त्याच्या वरची पायरी म्हणजे किल्न ड्राइड, भट्टीत वाळवलेलं. लाकडी क्रेटमध्ये एकसारखे कापलेले, इतके देखणे ओंडके की जाळायला जीव होत नाही. यातला बराच माल लॅटव्हिया-लिथुआनियाकडून येतो. म्हणजे तिकडचं झाड, भट्टीत वाळवून, जहाजात घालून आमच्या दारात, आणि आमच्या दारासमोर जंगल आहे. (जंगलातून उचलून आणता येत नाही हो, पडलेली फांदीसुद्धा कुणाच्या तरी मालकीची असते. लहानपणी काटक्या गोळा करायला कुणाची परवानगी काढल्याचं मला तरी आठवत नाही.)

मग मी तेच केलं जे प्रत्येक नवखा करतो, जाहिरात बघून स्वस्तातला एक "लोड" मागवला. "सीझन्ड" (म्हणजे उघड्यावर वाळवलेलं) लाकूड, रोख पैसे. माणूस गोड बोलणारा, टिपर उलटा करून दारात ढीग ओतला आणि पाच मिनिटांत गेलासुद्धा. पेटवलं तर ओंडक्याच्या टोकाला फेस यायला लागला, चूंऽऽ करून आवाज, धूर, आणि दोन दिवसांत दाराची काच तव्याच्या बुडासारखी. सुक्याबरोबर ओलंही जळतं म्हणतात ना, ही म्हण ज्यानं काढली त्याच्याकडे लॉग बर्नर नव्हता. इथे सुक्याबरोबर ओलं जळत नाही, ओल्यापायी सुकंही विझतं.

वसंतात धुराडं साफ करायला माणूस आला, त्यानं ब्रश आत घातला आणि जे चकचकीत काळं डांबर खाली आलं ते बघून माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की मला शाळेतले पीटीचे सर आठवले. म्हणाला, हे क्रिओसोट, ओलं लाकूड जाळल्यावर असंच साठतं आणि एक दिवस धुराड्यातच पेट घेतं. जाताना वीस पौंडांच्या आतलं एक यंत्र घे म्हणाला, पुढे दोन सुया असलेलं, लाकडात टोचलं की ओल दाखवतं. घेतलं. उरलेल्या ढिगातला एक ओंडका बाहेरून टोचला तर १७. वा! म्हटलं उगाच नावं ठेवली बिचाऱ्याला. मग माहितीपत्रक वाचलं, त्यात लिहिलेलं की आधी फोडा आणि आतल्या ताज्या बाजूला टोचा. फोडला. ३४.

तेव्हा मला वखार आठवली. आमच्या गल्लीच्या टोकाला लाकडाची वखार होती, दाराशी माणूस बसेल एवढं पारडं असलेला तराजू, मणावर भाव, आणि आई प्रत्येक वेळी तोलायच्या आधी बाभळीच्या दोन ढलप्या उचलून एकमेकींवर आपटायची. खणखणीत वाजली तर घ्यायची. बद्द वाजली की ढलपी परत ढिगात, आणि वखारवाल्याला ऐकू जाईल असं, "पाण्याचे पैसे नाही देणार हं मी." मला भयंकर लाज वाटायची. पण ती बरोबर होती, वजनावर विकलं की ओल्या लाकडात पाणीच गळ्यात मारलं जातं, ताज्या तोडलेल्या काही लाकडांत तर निम्मं वजन पाण्याचंच. इथे घनमीटरवर विकतात म्हणून मी खूश होतो, पण नुसता ओतलेला एक घनमीटर नीट रचला की दोन तृतीयांशसुद्धा भरत नाही. तिथे पाणी विकायचे, इथे हवा विकतात. आणि "लोड" हे तर मापच नाही, ज्याची गाडी जेवढी तेवढा लोड.

खरा मार्ग शेवटी सापडला तो रस्त्यात. इथे अ‍ॅश नावाचं झाड ढिगानं आहे आणि ते मरतंय, अ‍ॅश डायबॅक म्हणून एका बुरशीचा रोग, ब्रिटनमध्ये २०१२ साली पहिल्यांदा सापडला, आता रस्त्याकडेची अशी झाडं पडायच्या आधीच तोडावी लागतात. (झाडाचं नाव अ‍ॅश आणि राखेलाही अ‍ॅश, काय ती भाषा.) असं एक झाड तोडणाऱ्या ट्री सर्जनला मी गाडी थांबवून विचारलं, लाकडाचं काय करणार? तो म्हणाला, तेच तर, टाकायला गेलो तर मलाच पैसे पडतात. आणखी काय पाहिजे! तेव्हापासून त्याची गाडी आमच्या बाजूला आली की तो मेसेज टाकतो, मी गेट उघडं ठेवतो, तो बुंध्याचे गोल कापून मागे टाकून जातो. डिझेलपुरते पैसे आणि मगभर चहा, साखर तीन चमचे.

स्वस्त आहे ते का, हे मला पहिला गोल फोडायला घेतल्यावर कळलं. पैसे फक्त झाडाचे वाचतात. फोडणं, रचणं, वाळवणं सगळं आपल्या अंगावर, आणि क्रेटवाला जे जास्तीचे पैसे घेतो ते खरं म्हणजे वाळवण्याच्या एक-दोन वर्षांचे आणि कंबरेचे घेतो, आता मला त्याचा राग येत नाही. अ‍ॅश तसं गुणी लाकूड, सरळ रेषेचं, कुऱ्हाड नीट बसली की टाळी वाजल्यासारखं दुभंगतं, मुळातच ओल कमी, वर्षभरात तयार. ओक मात्र दोन वर्षं तरी मागतो. आणि एकदा त्यानं एल्म टाकलं, त्यात घातलेली पाचर आत रुतून बसली आणि ती काढायला दुसरी पाचर घातली तर तीही गेली. तो गोल अजून अंगणात आहे, त्यावर मांजर बसतं.

शेजारच्या आजोबांचं ठाम मत की पाइन जाळू नये, धुराडं खराब होतं. नॉर्वेतले लोक वर्षानुवर्षं बर्च, स्प्रूस, पाइनच जाळतात आणि त्यांची घरं उभी आहेत. वाळलेलं असलं की झालं. पण धुराबद्दल मी आजोबांशी वाद घालत नाही, कितीही सुकं जाळलं तरी धूर काही अगरबत्तीचा नसतो, शहरात असतो तर स्मोक कंट्रोल एरियाचे नियम लागले असते, ते बरोबरच आहेत. आईनं जन्मभर चुलीपुढे खोकून काढलं, तिला गॅस आला तेव्हा तिनं शेगडीला हळदकुंकू वाहिलं होतं, आणि मुलगा हजारो मैलांवर जाऊन कुऱ्हाड घेऊन उभा. हे ती दर कॉलला एकदा तरी म्हणतेच.

म्हणते आणि मग सूचना सुरू. खाली विटा घातल्यास का? वर पत्रा टाक, पण बाजू झाकू नकोस, वारा खेळला पाहिजे. साल वरच्या अंगाला. इथल्या पुस्तकात अगदी हेच लिहिलंय, फक्त विटांच्या जागी पॅलेट. आता शेडजवळ तीन चळती आहेत, यंदाची, पुढच्या वर्षीची आणि ओकची त्याच्या पुढची. तिसरी रचताना बायको म्हणाली, तोवर आपण याच घरात असणार आहोत का? मी म्हटलं, लाकडं तर असतील.

परवा पुढच्या वर्षीच्या चळतीतले दोन ओंडके काढले, सुयांचं यंत्र शेडमध्ये राहिलं होतं, फोन खिडकीत टेकवून ठेवला आणि आईला म्हटलं, ऐक. आपटले.

"बद्द," आई म्हणाली.

"थोडं खणखणतंय की."

"थोडं खणखणत नसतं. अजून एक पावसाळा जाऊ दे."

इथला पावसाळा जातो कधी हे तिला कोण सांगणार. ओंडके परत चळतीत ठेवले, साल वरच्या अंगाला.