पदकाच्या पाठीवरचा नंबर

आमचा क्रॉस म्हणजे चार रस्ते, एक वड, एक हॉटेल, दूध डेअरी आणि माझं झेरॉक्स-ऑनलाइन अर्जांचं दुकान. मराठा लाइट इन्फन्ट्रीचं केंद्र बेळगावात, त्यामुळं इथल्या घराघरांतून पोरं पलटणीत गेली. दुसऱ्या महायुद्धातली भरतीची पोरं याच वडाखालून निघाली म्हणतात. कोण गेलं, कोण परतलं, हे मात्र गावात कुठंही लिहिलेलं नाही. याची मला फार खंत वाटते.

परवा पेन्शनच्या कामासाठी एक आज्जी नातवाला घेऊन आल्या. आधार कार्ड काढताना पिशवीतून फडक्यात बांधलेला तारा, म्हणजे ताऱ्याच्या आकाराचं युद्धातलं पदक, निघाला.

"बाबाचा हाय. बर्मात पडला म्हणत होती आई. मी पाळण्यात होते. कायतर निघतंय काय बघ की रे."

ताऱ्यावर अक्षरं होती 'इटली स्टार'. बर्मा नव्हेच!

नातू तो चिंच लावून उजळणार होता. मी त्याचा हात धरला. ब्रिटिश सैनिकांना हे तारे कोरेच मिळाले; भारतीयांच्या ताऱ्यांच्या पाठीवर मात्र नंबर, नाव, पलटण ठोकलेली असते. मोबाईलच्या उजेडात तारा तिरका धरून नंबर वाचला आणि महायुद्धात पडलेल्या सैनिकांच्या नोंदी ठेवणाऱ्या कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनच्या साइटवर टाकला.

नोंद निघाली. पाचवी मराठा (मराठा लाइट इन्फन्ट्रीचं तेव्हाचं नाव), डिसेंबर १९४३, सांग्रो नदीवरचं दहन-स्मारक, इटली. त्या हिवाळ्यात आठव्या भारतीय डिव्हिजनमधली आपली पहिली बटालियन सांग्रो ओलांडून पुढं लढत होती. अग्नी दिलेल्या पाचशेहून अधिक भारतीय जवानांची नावं त्या स्मारकावर आहेत. नोंदीत बापाचं नाव, आमचं गाव, जिल्हा बेळगाव, आणि बायको म्हणून आज्जींच्या आईचंही नाव. माझा आवाज वाचताना चिरकला.

"म्हंजे अग्नी मिळाला," आज्जी म्हणाल्या. "आईला जन्मभर तेवढाच घोर होता."

पान छापून दिलं. पेन्शनचं काम मागं राहिलं, ते संध्याकाळी केलं.

दुसऱ्या दिवशी हॉटेलवाला आज्याचा तारा घेऊन आला. तो खरंच 'बर्मा स्टार'. पण दर दसऱ्याला घासून पाठ गुळगुळीत झालेली, नंबराचे शेवटचे आकडे तेवढे उरलेले. तेव्हापासून क्रॉसवर येणाऱ्या प्रत्येकाला सांगतोय: ट्रंकेत तारा असेल तर घासू नका, आहे तसा घेऊन या. वही घातली आहे, नावं लिहून ठेवतोय.