अल्बर्टात सोशल क्रेडिटच्या मुळांपाशी

कॅनडाचा अल्बर्टा प्रांत आपल्याकडच्या पर्यटकांना बॅन्फ आणि लेक लुईसमुळे ठाऊक असतो. मी मात्र या खेपेस डोंगरांकडे पाठ करून एडमंटन ते कॅलगरी या गव्हाच्या सपाट मुलखात हिंडलो. 22 ऑगस्ट 1935 रोजी येथील मतदारांनी ज्या पक्षाला 63 पैकी 56 जागा दिल्या, त्या पक्षाने आधीची एकही निवडणूक लढवलेली नव्हती. प्रत्येक प्रौढ नागरिकाला सरकारने दरमहा 25 डॉलरचा लाभांश द्यावा, हा त्याच्या प्रचाराचा गाभा होता. ‘सोशल क्रेडिट’ या चलनसुधारणेच्या विचारावर निवडून आलेले हे जगातले पहिले सरकार. सत्तेनंतरची कथा अनेकांनी लिहिली आहे. मला ओढ होती ती त्याआधीच्या काळाची, हा विचार या मातीत कोणी आणला आणि तो इतका खोल का रुजला, हे त्या त्या ठिकाणी उभे राहून समजून घेण्याची.

सुरुवात एडमंटनच्या पश्चिमेकडील विंटरबर्नपासून केली. आज हा भाग शहराने गिळला आहे. गोदामे, मोटारींची दुकाने आणि रुंद रस्ते यांच्यामध्ये शेताची खूण शोधावी लागते. 1920च्या सुमारास जॉर्ज बेव्हिंग्टन नावाचा शेतकरी येथून ‘युनायटेड फार्मर्स ऑफ अल्बर्टा’ या शेतकरी संघटनेच्या अधिवेशनांना जात असे आणि बँका कर्ज देताना पैसा कसा निर्माण करतात, पतपुरवठ्याची सूत्रे सरकारच्या हाती का असावीत, हे प्रतिनिधींना तासन्‌तास समजावून सांगत असे. 1921 साली हीच संघटना प्रांतात सत्तेवर आली. त्याच वर्षी कॅलगरीतून मजूर पक्षाचे विल्यम आयर्विन संसदेत गेले, आणि 1923 मध्ये त्यांच्या खटपटीमुळे सोशल क्रेडिटचे जनक मेजर सी. एच. डग्लस यांची साक्ष ओटावातील संसदीय समितीपुढे झाली. चळवळीचा इतिहास पुष्कळदा 1932 पासून सांगितला जातो. मला ते अपुरे वाटते, कारण बी पडले तेव्हा जमीन दहा वर्षे नांगरलेली होती आणि ती नांगरणी शेतकऱ्यांनी स्वतः केली होती.

डग्लस हे ब्रिटिश अभियंता होते आणि वेस्टिंगहाउस कंपनीच्या नोकरीत काही काळ भारतातही होते. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे. कारखाना दोन प्रकारची देणी देतो: मजुरी, पगार आणि नफा ही माणसांना दिलेली देणी, त्यांना ते ‘अ’ म्हणत, कच्चा माल, बँकेचे व्याज, यंत्रांची झीज ही इतर संस्थांना दिलेली देणी, ती ‘ब’. मालाच्या किमतीत अ आणि ब दोन्ही धरावे लागतात, पण ग्राहकाच्या हातात येतो तो फक्त अ. म्हणून बाजारातला सगळा माल विकत घेण्याइतका पैसा लोकांकडे कधीच नसतो, आणि ही तूट सरकारने राष्ट्रीय लाभांश देऊन भरून काढावी. बहुतेक अर्थशास्त्रज्ञांनी हे गणित नाकारले, कारण ‘ब’मधला पैसासुद्धा पुढे कोणाच्या तरी मजुरीत आणि नफ्यात उतरतोच. मलाही ते आक्षेप पटतात. परंतु डग्लस यांनी विचारलेला प्रश्न, म्हणजे कोठारे भरलेली असताना घरे उपाशी का, हा चुकीचा नव्हता; आणि 1932 च्या अल्बर्टात तो प्रश्न प्रत्येक शेताच्या बांधावर उभा होता. त्या डिसेंबरमध्ये उत्तम प्रतीच्या गव्हाचा भाव बुशेलला (सुमारे 27 किलोला) 40 सेंटच्याही खाली गेला होता, जो तीन वर्षांपूर्वी एक डॉलरहून अधिक होता. भाव उतरले, पण जमीन आणि यंत्रे गहाण टाकून घेतलेल्या कर्जाचे हप्ते आणि व्याज एका सेंटानेही उतरले नाही. आग्नेय भागात तर दुष्काळाने पेरलेले बीही परत मिळत नव्हते. विदर्भ-मराठवाड्यातल्या वाचकाला हे कोणी समजावून सांगण्याची गरज नाही.

एडमंटनमधल्या अल्बर्टा विद्यापीठाच्या आवारात सेंट स्टीफन्स कॉलेजची लाल विटांची जुनी इमारत आहे. 1932 च्या उन्हाळ्यात बारावीच्या उत्तरपत्रिका तपासायला आलेले शिक्षक येथे उतरत. त्यांत कॅलगरीच्या क्रेसेंट हाइट्स हायस्कूलचे मुख्याध्यापक विल्यम एबरहार्ट होते. चार्ल्स स्कारबरो या एडमंटनच्या शिक्षकाने त्यांना डग्लस यांचे विचार सोपे करून सांगणारे एक पुस्तक दिले, ते ब्रिटिश नट मॉरिस कोलबर्न यांनी लिहिलेले होते. एबरहार्ट यांनी ते रात्रीत वाचून काढले, असे सांगतात. इमारतीपाशी मी बराच वेळ थांबलो. मोठ्या राजकीय वळणाचे मूळ दोन शिक्षकांच्या फावल्या वेळातल्या गप्पांत असावे, याचे मला मनापासून अप्रूप वाटते.

तेथून हायवे क्रमांक 2 ने दक्षिणेला, रेड डियरवरून सुमारे 300 किलोमीटरवर कॅलगरी. दोन्ही बाजूंना मोहरीसारखी पिवळी कॅनोला, मध्येच गहू आणि बार्ली. गावोगावची लाकडी धान्यकोठारे आता क्वचितच दिसतात.

कॅलगरीत स्टीफन अॅव्हेन्यूवर पॅलेस थिएटरची इमारत अजून उभी आहे. 1925 च्या नोव्हेंबरात एबरहार्ट यांचे बायबलवरचे रविवारचे व्याख्यान येथून सीएफसीएन रेडिओवर पहिल्यांदा गेले. 1927 मध्ये त्यांनी आपली ‘प्रॉफेटिक बायबल इन्स्टिट्यूट’ काढली. तिचा पहिला विद्यार्थी अर्नेस्ट मॅनिंग, रेडिओवर एबरहार्टना ऐकून सॅस्कॅचेवानमधल्या शेतावरून आला होता. म्हणजे अर्थशास्त्र येण्यापूर्वी सात वर्षे श्रोते तयार होत होते. शेतातली घरे एकमेकांपासून मैलोन्‌मैल दूर, हिवाळा लांबलचक, आणि रविवारी दुपारी घरात घुमणारा तोच भारदस्त आवाज. 1932 च्या शरदात त्याच प्रवचनात सोशल क्रेडिट आले. आपल्या कीर्तनात पूर्वरंगातल्या निरूपणानंतर बुवा उत्तररंगात आख्यान लावतात, तसे बायबलनंतर बँका आणि व्याज येऊ लागले, आणि श्रोत्यांचा विश्वास पूर्वरंगातच कमावलेला होता.

रेडिओइतकेच महत्त्व अभ्यासमंडळांना होते. एबरहार्ट आणि मॅनिंग 1933 आणि 1934 च्या उन्हाळी सुट्ट्यांत मोटारीने गावोगाव फिरले. शाळेच्या खोलीत, चर्चच्या तळघरात, कोणाच्या स्वयंपाकघरात मंडळे भरू लागली. पत्रके वाचायची, फळ्यावर अ आणि ब मांडायचे, शंका विचारायच्या. बायकांचा यात मोठा वाटा होता आणि 1935 मध्ये इडिथ गॉस्टिक व इडिथ रॉजर्स या दोघी आमदार झाल्या. रेडिओवर मंगळावरून आलेल्या पाहुण्याचे नाट्यप्रवेश होत; तो पाहुणा भोळेपणाने विचारी, की एवढे धान्य असताना ही माणसे उपाशी कशी? त्या मंडळांत बसलेल्या लोकांना भाबडे ठरवणे मला अन्यायाचे वाटते. कर्जाचा कागद हातात घेऊन पैसा म्हणजे काय, हे मुळापासून शिकू पाहणारी सामान्य माणसे मला आदरणीय वाटतात.

क्रेसेंट हाइट्स हायस्कूल टेकाडावर आहे आणि अजून चालू आहे. खाली नदी आणि शहराच्या मध्यवर्ती भागातले तेल कंपन्यांचे मनोरे. एबरहार्ट यांनी प्रथम सत्ताधारी शेतकरी सरकारलाच ही योजना स्वीकारण्याचा आग्रह केला होता. 1934 च्या वसंतात त्या सरकारने खुद्द डग्लसना बोलावून त्यांची साक्षही घेतली. परंतु जानेवारी 1935 मधील संघटनेच्या अधिवेशनात ठराव फेटाळला गेला आणि मग मुख्याध्यापकांनी स्वतःचे उमेदवार उभे केले. शेतकरी पक्षाला एकही जागा राहिली नाही.

पुढचे मला एका कागदात दिसले. कॅलगरी विद्यापीठात जतन केलेल्या ग्लेनबो संग्रहातील 1936 चे ‘प्रॉस्पेरिटी सर्टिफिकेट’ दिसते एक डॉलरच्या नोटेसारखे. त्याच्या मागे 104 बारीक चौकोन आखलेले आहेत. दर आठवड्याला धारकाने एका चौकोनात एक सेंटचे तिकीट चिकटवायचे. दोन वर्षांनी सगळे चौकोन भरले, की खजिना एक डॉलर देणार. दडवून ठेवलेला पैसा झिजतो, म्हणून तो फिरता राहील, ही कल्पना जर्मन अर्थविचारक सिल्व्हिओ गेझेल यांची; डग्लस यांच्या सिद्धांतात तिला जागाच नव्हती. मी पाहिलेल्या प्रतीवर पहिल्या काही चौकोनांतच तिकिटे आहेत, बाकी सारे कोरे. रस्त्याच्या कामावरील बेकारांना ही प्रमाणपत्रे मजुरी म्हणून दिली गेली आणि वर्षभरात ती बंद पडली. लाभांशाचे 25 डॉलर कोणालाच मिळाले नाहीत. बँकांवर अंकुश ठेवणारे कायदे केंद्राने आणि न्यायालयाने रद्द ठरवले, कारण बँकिंग हा प्रांताचा विषयच नव्हता. 1937 मध्ये वृत्तपत्रांना सरकारी खुलासे छापण्याची आणि बातमीचा स्रोत सांगण्याची सक्ती करणारे विधेयकही आणले गेले, आणि तो या चळवळीवरचा डाग आहे, असे मला स्पष्टपणे म्हणावेसे वाटते. डग्लस यांच्या लेखनातील ज्यूद्वेष हा त्याहून गडद डाग. त्या विचाराच्या कडव्या अनुयायांना, एबरहार्ट यांच्यानंतर प्रांताचे मुख्यमंत्री झालेल्या मॅनिंग यांनी 1940 च्या दशकाच्या अखेरीस पक्षातून दूर केले.

परतीच्या वाटेवर रेड डियरहून पश्चिमेला वळून रॉकी माउंटन हाउस गाठले. सप्टेंबर 1938 मध्ये सरकारने ‘ट्रेझरी ब्रँच’ या आपल्या पेढीची पहिली शाखा या छोट्या गावात उघडली. बँकांनी ज्या गावांतून काढता पाय घेतला होता, तेथे ठेवी घेणे आणि अल्बर्टात बनलेला माल विकत घेणाऱ्यांना बोनस देणे, ही तिची सुरुवातीची कामे. ती आज ‘एटीबी फायनान्शियल’ म्हणून चालते आणि अजूनही प्रांताच्याच मालकीची आहे. गावातल्या शाखेत मी गेलो, तेव्हा काउंटरवर एक वयस्कर गृहस्थ ट्रॅक्टरच्या कर्जाविषयी बोलत होते.