आमची वाटचाल : बिनबिलाच्या बाजारात पक्कं बिल

पुण्यात आमचं प्लायवूड-हार्डवेअरचं दुकान आहे, बाबांनी 1994 ला टाकलं. वाटचाल म्हटली की लोक टर्नओव्हर, नवीन गोडाऊन वगैरे लिहितात, ते आमचंही आहे थोडंफार. पण मला विचाराल तर आमच्या धंद्याची खरी गोष्ट टॅक्सची आहे, म्हणजे आमच्या धंद्याच्या लाईनीत कोण भरतो, कोण भरत नाही आणि ते बघून बाकीचे काय करतात.

बाबांच्या काळात गिऱ्हाईकाचा पहिला प्रश्न असायचा, बिलाचं की बिनबिलाचं? चिठ्ठीवर एस्टिमेट लिहून दिलं की विषय संपला. बाबा पक्कं बिल करायचे तर शेजारचे म्हणायचे, "शेठ, एवढं भरून सरकार काय हार घालणारे का तुम्हाला?" आणि गंमत बघा, ज्याने चुकवलं तो चहाच्या टपरीवर रंगवून सांगतो, ज्याने भरलं तो गप्प, कारण भरल्याचं काय सांगणार. त्यामुळे ऐकणाऱ्याला वाटतं सगळेच चुकवतात, मग मीच येडा का? मार्चमध्ये सीएकडे बसलं की मात्र टपरीवर फुशारक्या मारणाऱ्यांची टॅक्स भरल्याची चलनंसुद्धा तिथंच टेबलावर पडलेली दिसायची.

2013 ला जकात गेली आणि 1 एप्रिलपासून पुण्यात एलबीटी, म्हणजे महापालिकेचा लोकल बॉडी टॅक्स, आली. आपणच हिशोब करून भरायची असा तो टॅक्स, पण व्यापाऱ्यांचा बंद सुरू झाला आणि रजिस्ट्रेशन करणारा म्हणजे फुटलेला असं वातावरण होतं. ज्यांना भरायला हरकत नव्हती तेही थांबले, शेजाऱ्याच्या आधी कोण जाणार? शेवटी 1 ऑगस्ट 2015 ला 50 कोटींच्या आतल्या टर्नओव्हरवाल्यांची एलबीटी गेली.

मग 1 जुलै 2017, जीएसटी. सुरुवातीला प्लायवूड 28 टक्क्यांत, बोंबाबोंब झाली, नोव्हेंबरमध्ये 18 वर आलं. पण मला वाटतं रेटपेक्षा मोठी गोष्ट क्रेडिटची झाली, म्हणजे खरेदीवर दिलेला टॅक्स आपल्या भरण्यातून वजा करून घ्यायची. माल देणाऱ्या पार्टीने जीएसटीआर वनमध्ये, म्हणजे त्याच्या विक्रीच्या रिटर्नमध्ये, आमचं बिल टाकलं नाही तर आमच्या टूबीत, म्हणजे पोर्टलवरच्या आमच्या क्रेडिटच्या यादीत, ते दिसत नाही, आणि 2022 पासून तर तिथं दिसल्याशिवाय क्रेडिट मिळतच नाही, म्हणजे त्याला टॅक्स दिलेला असूनही आम्ही परत खिशातून भरायचा. आमची एक जुनी पार्टी होती, माल एकदम चोख पण रिटर्नच्या नावाने बोंब. मी व्यापाऱ्यांच्या ग्रुपवर विचारलं तर आणखी तिघांचं क्रेडिट तिथंच अडकलेलं! सगळ्यांनी मिळून एकच सांगितलं, बेसिक, म्हणजे मालाची किंमत, आत्ता घ्या, जीएसटीची रक्कम टूबीत दिसल्यावर. त्याच आठवड्यात रिटर्न फाईल झालं बघा. नोटिशीला तो कधी घाबरला नव्हता, चार दुकानदारांनी पेमेंट धरल्यावर हलला.

हे सगळं घरगुती गिऱ्हाईकापाशी येऊन थांबतं पण. बिल्डर, ऑफिसवाले स्वतःहून बिल मागतात, त्यांना क्रेडिट हवं असतं. किचनचं काम काढलेल्या माणसाला क्रेडिट काय कामाचं, त्याला फक्त 18 टक्के दिसतात, त्यात सोबत आलेला सुतार हळूच म्हणतो, "साहेब, शेजारच्या सोसायटीत सगळ्यांनी बिनबिलाचंच घेतलं." सगळ्यांनी हे त्याला कुणी सांगितलं देव जाणे. अशी गिऱ्हाईकं आमची जातात, अजूनही जातात. आम्ही कोटेशनच टॅक्स धरून देतो, म्हणजे शेवटी घासाघीस नको, त्याने थोडी टिकतात.

जुलै 2025 ला बेंगळुरूच्या छोट्या दुकानदारांना यूपीआयचे आकडे बघून जीएसटीच्या नोटिसा गेल्या आणि तिथं 'ओन्ली कॅश'च्या पाट्या लागल्या. ते फोटो आमच्या ग्रुपवरही फिरले आणि लाईनीतल्या एक-दोघांनी लगेच क्यूआर ड्रॉवरमध्ये टाकला. अरे तुमचं रजिस्ट्रेशन आहे, रिटर्न जातात, तुम्हाला कसली भीती? पण शेजाऱ्याने काढला म्हणून काढला. मग गिऱ्हाईकं पाच दुकानं सोडून पुढे जायला लागली तसे क्यूआर परत काऊंटरवर आले, तेही एकमेकांचं बघूनच.