स्वस्त साबणाची दाढी: फेसाच्या नोंदी

आधी काम कुठवर आलंय ते. दुधारी ब्लेडचा रेझर, ब्लेडची जात आणि ब्रश तेच ठेवायचे आणि फक्त साबण बदलत जायचं, असं सध्या चालू आहे. वाडग्यात ओतलेले गोल साबण झाले, कांड्या झाल्या, स्वस्तातल्या ट्यूबमधली क्रीमही मधे घालून पाहिली. एवढं आता नक्की म्हणता येतं की स्वस्त साबण नापास होतो तेव्हा बहुतेक वेळा साबण कमी उचललेला असतो, किंवा त्याला पाणी पुरेसं पाजलेलं नसतं. खरोखर टाकाऊ साबण असतात, पण थोडे.

महाग साबणात चुकीला जागा जास्त असते. त्यात ग्लिसरीन, लॅनोलिन, शिया बटर वगैरे भरपूर असल्यामुळे फेस जरा कोरडा राहिला तरी रेझर सरकतो. स्वस्त साबणात ही उशी नसते. पाण्याचं प्रमाण चुकलं की ते लगेच मानेवर कळतं.

वाडग्यातलं मोजमाप

चेहऱ्यावरच फेस केला तर पाणी किती गेलं ते कळत नाही, म्हणून मोजणी वाडग्यात. कांडीवरून सुरीने साबणाचे पातळ पापुद्रे काढायचे. ०.१ ग्रॅमपर्यंत दाखवणाऱ्या छोट्या वजनकाट्यावर बरोबर १ ग्रॅम घ्यायचा आणि अंगठ्याने दाबून वाडग्याच्या तळाला चिकटवायचा. ब्रश सिंथेटिक, भिजवून चांगला झटकलेला. (डुकराच्या केसांचा ब्रश या कामाला नको. तो स्वतःच पाणी पितो आणि हिशेब बिघडतो.) पाणी ५ मिलीच्या, सुई काढलेल्या सिरिंजने, एका वेळी १ मिली. प्रत्येक मिलीनंतर पंधरा-वीस सेकंद ब्रश फिरवायचा.

३ मिलीपर्यंत नुसता चिकट लेप असतो, ब्रश उचलला की तारा सुटतात. ५ ते ६ मिलीला फेस घट्ट होतो. पांढराशुभ्र, टोकं ताठ उभी, दिसायला एकदम झकास. जाहिरातीतला फेस असाच दिसतो म्हणून बहुतेक जण इथेच थांबतात, आणि चुकतं ते इथेच. हा फेस अंगठा आणि तर्जनीत घेऊन चोळला तर बोट अडखळतं. ८ मिलीला टोकं वाकायला लागतात. १० ते १२ मिलीच्या दरम्यान फेस खाली बसतो, फुगे डोळ्यांना दिसत नाहीत, वर ओल्या ऑइलपेंटसारखी चकाकी येते आणि बोटं एकमेकांवर ठरतच नाहीत. दाढी करायची ती या फेसाने. १४ च्या पुढे आधी बारीक आणि मग मोठे फुगे दिसू लागतात. वाडगा तिरका धरला की कडेला पाणी सुटतं.

प्रत्येक साबणाला हेच आकडे लागतील असं नाही, पण टप्पे याच क्रमाने येतात. नवीन साबण आणला की एकदा मुद्दाम तो बिघडेपर्यंत पाणी घालत जावं. बिघडण्याची हद्द कळली की त्याच्या दोन पायऱ्या अलीकडे थांबता येतं. एक वडी ओळखायला दुसरा कुठलाही उपाय इतका लवकर उपयोगी पडत नाही.

कारण साधं आहे. ब्लेडखाली घर्षण कमी करतो तो साबण आणि पाण्याचा पातळ थर. फेसातली हवा त्या कामाची नाही. ती पाणी धरून ठेवते, केस उभे ठेवते आणि रेझर कुठे फिरला ते दाखवते. घट्ट फेसात हवा भरपूर आणि पाणी कमी, म्हणून तो गालावर दोन-तीन मिनिटांत सुकतो आणि रेझर खरखरत जातो. मग हात आपोआप दाबला जातो, आणि आग होते ती त्या दाबामुळे.

साबण किती उचलायचा

१ ग्रॅम हा चेहऱ्यावरून रेझरच्या तीन फेऱ्यांसाठी ऐसपैस हिशेब आहे. पण वडीवर ब्रश फिरवताना ग्रॅम दिसत नाहीत, तेव्हा वेळ मोजावी. ब्रश दोनदा झटकून वडीवर ३० सेकंद, टोकं जेमतेम वाकतील इतक्याच दाबाने. फार कडक, वाळलेली वडी असेल तर ४५ ते ६० सेकंद. सुरुवातीला मोठे फुगे उठतात. ते जाऊन ब्रशच्या टोकांवर दाट, चिकट लेप बसला की पुरे. टोकांमधून केस वेगवेगळे दिसत असतील तर अजून फिरवा.

वडीवर चमचाभर पाणी टाकून पाच मिनिटं ठेवायची पद्धत आहे. कडक वडीला तिचा फायदा होतो, मऊ साबणाला काहीही होत नाही. वेळ असेल तर करावं, नसेल तर हळहळू नये.

कांडीचं गणित वेगळं आहे. आधी चेहरा चांगला ओला हवा. मग केसांच्या उलट्या दिशेने कांडी घासायची, म्हणजे खुंटांवर साबण खरवडला जातो. दोन्ही गाल, हनुवटी, मान, सगळीकडे एकेकदा. ओठाच्या वरच्या भागाला कांडीचा अर्धा हात पुरतो. मग ओल्या ब्रशने दीड-दोन मिनिटं फिरवायचं आणि मधे तीन-चारदा ब्रशची फक्त टोकं पाण्यात बुडवायची. कोरड्या चेहऱ्यावर कांडी घासली की त्वचा दाढीआधीच लाल होते. पुटकुळ्या असतील तर कांडी थेट लावूच नये, वाडग्यात फेस करावा.

आर्को या दाढीच्या साबणाची कांडी ७५ ग्रॅमची येते. ती किसून रुंद तोंडाच्या डब्यात दाबून बसवली तर छान वडी होते. किसताना थोडं पाणी शिंपडलं तर कीस एकजीव होतो. वास उग्र वाटत असेल तर डबा काही दिवस उघडा ठेवला की बराच उतरतो.

वेष्टनावर काय वाचायचं

घटक जास्त प्रमाणाकडून कमीकडे लिहिलेले असतात, म्हणून पहिली चार-पाच नावं पुरेशी. स्टिअरिक ॲसिड, पोटॅशियम स्टिअरेट, टॅलोएट किंवा पामेट (पाम तेलाचा साबण) वर असतील तर आशेला जागा आहे. स्टिअरिक आणि पामिटिक आम्लांच्या साबणाचा फेस बारीक आणि टिकाऊ होतो. खोबरेल तेलाचा साबण, म्हणजे कोकोएट, झटपट फेस देतो. पण त्याचे फुगे मोठे असतात, लवकर बसतात आणि त्वचा कोरडी पडते. तो थोडा असला की फेस लवकर उठतो. पहिल्याच क्रमांकावर असला की संशय घ्यावा.

दुसरी बाजू अल्कलीची. कॉस्टिक सोड्याने (सोडियम हायड्रॉक्साइडने) केलेला साबण कडक होतो, पोटॅशियम हायड्रॉक्साइडने केलेला मऊ आणि पाण्यात लवकर विरघळणारा. दाढीच्या चांगल्या साबणात बहुधा दोन्ही असतात, म्हणून पोटॅशियम आणि सोडियम ही दोन्ही नावं दिसतात. अंघोळीच्या साबणात बहुतेक सगळा सोडियमचाच मामला, त्यामुळे त्याचा फेस गालावर टिकत नाही. टॅलोएट म्हणजे प्राण्याच्या चरबीपासून केलेला साबण. चरबी नको असणाऱ्यांनी पामेट आणि स्टिअरेटवाले घ्यावेत, पण स्टिअरिक आम्ल वनस्पतीतूनही येतं आणि चरबीतूनही, त्यामुळे वेष्टनावर तसं स्पष्ट लिहिलेलं आहे का तेही पाहावं.

पाणी

साबणाला नावं ठेवण्याआधी पाणी तपासावं. कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार साबणाशी जुळून न विरघळणारा पांढरट चोथा करतात. त्या चोथ्यात गेलेला साबण फेसाला मिळत नाही. लिटरला १२० मिलिग्रॅमच्या पुढे (कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशेबाने) पाणी कठीण धरतात, १८० च्या पुढे अतिकठीण. टीडीएस मीटर एकूण क्षार दाखवतो, कठीणपणा नाही, म्हणून त्याच्या आकड्यावर फार विसंबू नये.

खात्री करायची सोपी रीत म्हणजे तोच १ ग्रॅम साबण, तोच ब्रश, एकदा नळाचं पाणी आणि एकदा डिस्टिल्ड वॉटर. डिस्टिल्डमध्ये फेस चमकदार आणि नळाच्या पाण्यात फुसका, तर दोष साबणाचा नव्हे. दोन्हीकडे फुसका असेल तर वडी हात धुवायला ठेवा. एका दाढीला पाणी लागतं कपभर, त्यामुळे आरओचं किंवा डिस्टिल्ड वापरणं काही जड जात नाही. सायट्रिक ॲसिडही चालतं, पण लिटरला पाव ते अर्धा ग्रॅम, त्याहून जास्त नाही. आम्ल वाढलं की साबण फुटून त्यातलं मेदाम्ल सुटं होतं आणि बुळबुळीतपणा जातो. ज्या साबणात टेट्रासोडियम ईडीटीए असतं तो कठीण पाण्यात तुलनेने निभावून नेतो, कारण ते कॅल्शियमला आधीच बांधून ठेवतं.

ब्रशबद्दल थोडक्यात

डुकराच्या केसांचा ब्रश तीन ते पाच मिनिटं भिजवावा. नवा असताना त्याला वास येतो आणि तो फेस गिळतो. वापरून त्याची टोकं दुभंगली की मग मऊ होतो. सिंथेटिक लगेच कामाला तयार, आणि स्वस्त साबणाशी त्याचं चांगलं जमतं. साबण थोडा उचलला तरी तो जवळजवळ सगळा परत देतो. फक्त तो पाणी नीट धरत नाही, म्हणून वडीवर नेताना चांगला झटकलेला हवा, नाहीतर साबणाआधी पाणी वाडगाभर पसरतं.

चेहऱ्यावर

दाढी चांगली ओली झालेली हवी. कोमट पाण्याने दोन-तीन मिनिटं भिजली की केस पाणी पिऊन मऊ होतात आणि कापायला कमी जोर लागतो. कढत पाणी नको, त्याने त्वचा आधीच लाल होते. फेस लावल्यावर लगेच रेझर न घेता मिनिट-दीड मिनिट ब्रश फिरवत राहिलेलं बरं. खुंटांच्या बुडाशी पाणी पोचतं ते तेव्हा.

पहिली फेरी केसांच्या वाढीच्या दिशेने, दुसरी आडवी, उलटा हात शेवटी आणि जमला तरच. मानेवर केस कुठल्या बाजूला जातात ते बोटाने चाचपून बघावं. कित्येकांच्या मानेवर ते खालून वर किंवा आडवे वाढतात, आणि सगळीकडे वरून खाली ओढल्यामुळे तिथे नकळत पहिलाच हात उलटा पडतो. ब्लेड त्वचेशी साधारण ३० अंशांत. रेझरचं डोकं गालाला टेकवून दांडा हळूहळू खाली आणावा. केस कापल्याचा बारीक आवाज आला की कोन मिळाला. दाब रेझरच्या वजनाचाच.

इथे स्वस्त साबणाची एक खरी उणीव पुढे येते. फेस पुसला गेल्यावर त्वचेवर जो निसरडेपणा उरायला हवा, तो फार कमी उरतो. महाग साबणावर एकाच जागी दुसरा हात खपून जातो, इथे खपत नाही. म्हणून एकदा रेझर गेलेल्या जागी परत फेस लावल्याशिवाय जायचं नाही. हनुवटीखाली आणि जबड्याच्या कडेला, जिथे हमखास परत जावं लागतं, तिथे ब्रशचा एक फटकारा मारूनच जावं. दोन फेऱ्यांच्या मधे ब्रशमधला फेस सुकतो. दुसऱ्या फेरीआधी टोकांना आठ-दहा थेंब पाणी देऊन तो पुन्हा चकाकेपर्यंत फिरवून घ्यावा.

एवढं करूनही रेझर अडखळत असेल तर फेसात ग्लिसरीनचे दोन-तीन थेंब. त्याने रेझर नक्की जास्त सरकतो, पण पाच-सहा थेंबांच्या पुढे फेस पातळ पडून बसायला लागतो.

दाढीनंतर

थंड पाण्याने धुवून ओली तुरटी फिरवावी, अर्ध्या मिनिटाने धुवून टाकावी. तुरटी इथे मुख्यतः तपासनीस म्हणून. जिथे चरचरते तिथे दाब किंवा कोन चुकलाय, किंवा तिथला फेस कोरडा होता. एकाच बाजूला चरचरत असेल तर साबण बदलण्याआधी हात तपासावा. उजव्या हाताने दाढी करणाऱ्यांचा डाव्या जबड्यावरचा कोन बऱ्याचदा बिघडतो.

साबणाचा पीएच ९ ते १० च्या आसपास असतो आणि त्वचेचा ५ च्या जवळ, म्हणून दाढीनंतर ताण जाणवतो. साधं, बिनवासाचं मॉइश्चरायझर ओलसर चेहऱ्यावरच लावलं की तो जातो. तासाभरानंतरही खाज किंवा पुरळ राहत असेल तर फेस निर्दोष असूनही वासाच्या द्रव्यांचा त्रास असू शकतो. मग तो साबण सोडून बिनवासाचा पाहावा.

ब्रश धुताना बुडाशी साबण अडकू देऊ नका. कठीण पाण्यात तिथे चोथा साचतो, केस मेणचट होतात आणि मग कुठल्याच साबणाचा फेस धड होत नाही. तसं झालं तर एक भाग व्हिनेगर आणि दहा भाग पाणी यात ब्रशचे फक्त केस पाच मिनिटं बुडवून साध्या पाण्याने खळखळून धुवावेत. वडीही उघडी ठेवून वाळू द्यावी. ओल्यावर झाकण लावलं की वरचा थर लिबलिबीत होतो आणि ३० सेकंदांत किती साबण उचलला जातो याचा अंदाज पुन्हा नव्याने बांधावा लागतो.

पुढची चाचणी साबण आणि क्रीम एकत्र करण्याची: १ ग्रॅमऐवजी अर्धा ग्रॅम कांडी आणि वाटाण्याएवढी क्रीम, पाणी त्याच सिरिंजने, १ मिलीच्या पायऱ्यांनी.