परतीच्या वाटेची मजुरी

आषाढात पन्हाळ्याहून पावनखिंडीला चालत जायचं, ही आम्हा कोल्हापूरकरांची वारीच. जुलै १६६० मध्ये सिद्दी जौहरचा वेढा फोडून महाराज ज्या वाटेनं विशाळगडाकडे निघाले, ती वाट.

पन्हाळ्याच्या राजदिंडी या लहान दरवाजातून उतरलो, म्हाळुंगे मागं टाकून मसाई पठारावर आलो. धुकं इतकं, की पुढच्याची सॅक दिसेना. पठारावर ढोरवाटा जागोजागी फुटतात; चुकीची धरली की माणूस थेट कड्यावर जातो. आमच्यापुढं होते वाटाड्या मामा. डोक्यावर प्लास्टिकची खोळ, पायात रबरी चपला, हातात काठी. मागं आम्ही, हजारोंचे बूट घालून.

खोतवाडीच्या पुढं एका ओढ्याला पाणी चढलेलं. मामांनी सगळ्यांना थांबवलं आणि स्वतः उतरले. कमरेएवढ्या पाण्यात काठीनं तळ चाचपत पलीकडं गेले, दोर बांधला, परत आले. मग आमचा एकेक जण पार झाला. फी भरतानाच आमचा सगळ्यांचा विमा उतरवलेला. मामांचा? आयोजकांना विचारलं.

"ते इथलेच आहेत हो, त्यांना काय होतंय!"

हे वाक्य मला फार लागलं. १८ एप्रिल २०१४ ला एव्हरेस्टच्या वाटेवरच्या खुंबू हिमप्रपातात, म्हणजे भेगाळलेल्या, सरकत्या हिमनदीच्या उतारावर, बर्फाचा कडा कोसळून १६ नेपाळी कामगार गेले. त्यातले बहुतेक मोहिमांचं सामान वर पोचवत होते. पैसे भरून आलेला गिर्यारोहक तो हिमप्रपात मोजक्या वेळा ओलांडतो. शेर्पा ओझं घेऊन हंगामात कितीतरी वेळा. सरकारनं सुरुवातीला घरटी चाळीस हजार नेपाळी रुपये जाहीर केले, तेव्हा शेर्पा संतापले आणि त्या हंगामात वर जायला त्यांनी नकार दिला. आमचा ओढा कुठं आणि खुंबू कुठं, मान्य आहे. पण पहिलं पाऊल कुणाचं पडायचं, हे दोन्हीकडं एकाच हिशोबानं ठरतं.

रात्री करपेवाडीत मुक्काम. चुलीपाशी नाचणीची भाकरी आणि खर्डा खाताना मामा बोलते झाले. "रोपलावण चालू हाय. गडी मिळंना, घरच्या बायकांवर टाकून आलोय. पर रोख पैसा ह्याच म्हैन्यात दिसतोय नव्हं." त्यांची रोजची मजुरी ऐकली आणि आम्ही प्रत्येकी भरलेली फी आठवली. पुढचा घास उतरेना.

दुसऱ्या दिवशी पांढरेपाणी, मग खिंड. बाजीप्रभूंना वंदन केलं, फोटो झाले. आमची गाडी उभीच होती, ती मलकापूरमार्गे कोल्हापूरला जाणार. मामा खोळ झटकत होते.

"तुम्ही कसं जाणार?"

"आलो तसंच. चालत."

"त्या दिवसाचे पैसे?"

"परतीचं कोण देतंय, पोरा?"

गाडीतल्या सगळ्यांपुढं टोपी फिरवली. जमलं ते मामांच्या हातावर ठेवलं. त्यांनी मोजलं नाही. एवढंच विचारलं, "हे नेमानं मिळायचं काय, का तू आलास म्हणून?"

मला उत्तर देता आलं नाही. आयोजक गाडीत पुढच्या सीटवर बसले होते. मी त्यांच्याकडं गेलो.