आज अर्धा तास आधी गेले

ऑफिसातून लवकर सुटले म्हणून लेकराला शाळेनंतरच्या पाळणाघरातून आणायला साडेपाचलाच गेले. लातूरचं ऊन, पत्र्याचं छत, अठरा लेकरं आणि एकच ताई. बिचारी एका हातानं कुणाचं तरी नाक पुसत होती, दुसऱ्या हातात पाढ्यांची वही. माझं लेकरू कोपऱ्यात, डबा तसाच भरलेला. "भूक नव्हती का रे?" तर म्हणे, "झाकणच उघडंना, मम्मी."

ताईवर चिडू तरी कशी? तिचा पगार ठाऊक आहे मला. राग आला तो चालवणाऱ्यांचा. फी बरी एक तारखेलाच लागते! अंगणवाडी सहा वर्षांपर्यंत. पुढं शाळा सुटल्यावर नोकरीवाल्या बायांनी लेकरं ठेवायची कुठं? गावाकडं निदान आजी होती, ओसरी होती.

उद्यापासून सैल झाकणाचा डबा. अन् ताईसाठी दोन धपाटे जास्तीचे.